तोल डोक्यात असतो

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाची चौकशी करायला येणारा जवळपास प्रत्येक जण एकच विचारतो, "आता चालतात का?" घरचेही प्रगती त्याच मापाने मोजतात : परवा उठून बसले, काल उभे राहिले, आज काठीने मोरीपर्यंत गेले. चालणे जमले की दुखणे सरले, असे सगळ्यांनी मिळून ठरवलेले असते. मग दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस भाजी आणायला गेलेला असताना भर रस्त्यात पडतो, किंवा पडण्याच्या धास्तीने घराबाहेर जायचेच सोडून देतो. सकाळची गोळी घेतली की नाही ते त्याला सांगता येत नाही. दोघे एकदम बोलू लागले की तो गोंधळतो. समोर दूध उतू जात असते आणि त्याच्या ते ध्यानात येत नाही. पडण्याचा ठपका पायांवर ठेवला जातो, गोंधळाचा वयावर.

ही वाटणी वरवरची आहे आणि तिच्यामुळे लाखो रुग्णांचे पुनर्वसन अर्धवट राहते, असे माझे म्हणणे आहे. तोल सांभाळणे हे लक्ष देण्याचे, अंदाज बांधण्याचे आणि क्षणार्धात निवड करण्याचे काम आहे. म्हणजेच ते विचारशक्तीचे काम आहे. हे मान्य केले की त्यातून तीन गोष्टी ओघाने येतात. एक, तोल आणि विचार यांचा सराव एकत्र करून घ्यायला हवा. दोन, तो सराव पुरेसा अवघड आणि पुरेसा भरपूर हवा. तीन, सहा महिने उलटले म्हणून तो थांबवायला नको. हे तिन्ही मुद्दे क्रमाने मांडतो आणि त्यांवर घेता येतील असे आक्षेपही तपासतो.

१. वाटणी झाली कशी?

झटक्याच्या पहिल्या काही तासांबद्दल गेल्या तीस वर्षांत वैद्यकाने मोठी मजल मारली. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत दिले तर फायदा होतो, हे सिद्ध झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले की निवडक रुग्णांमध्ये चोवीस तासांपर्यंतसुद्धा गुठळी नळीवाटे बाहेर काढता येते. मोठी रक्तवाहिनी तुंबली असताना उपचाराविना गेलेल्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा २००६ सालचा हिशेब आज जनजागृतीच्या भाषणांमधून सर्रास ऐकू येतो. ही घाई योग्यच आहे. पण सगळे लक्ष त्या काही तासांवर एकवटल्याने पुढच्या काही वर्षांकडे पाहायला कोणी उरले नाही.

रुग्णालयातून सुटी मिळाली की माणसाची अवस्था सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखी होते. एकेका टेबलावर तिचा एकेक कागद पाहिला जातो. रक्तदाब आणि साखर फिजिशियनकडे, हातपाय फिजिओकडे, बोलणे वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, तेही शहरात असला तर. लक्ष, नियोजन, निर्णय, विचारांचा वेग यांसाठी टेबलच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या विचारक्षमतेत काही ना काही घट आढळते. म्हणजे या बाबतीत तक्रार नसणाराच अल्पसंख्य असू शकतो.

ही घट घरच्यांच्या नजरेतून सुटते, त्यालाही कारण आहे. डोके ठीक आहे की नाही, याची घरगुती परीक्षा म्हणजे "मला ओळखलंत का?" हा प्रश्न. झटक्यानंतर बहुतेक वेळा माणसे ओळखण्याची शक्ती शाबूत असते आणि जुन्या आठवणीही टिकून असतात. ढासळतात त्या दुसऱ्याच गोष्टी : एका कामातून दुसऱ्या कामात लक्ष वळवणे, दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे, नको ते रोखून धरणे, झटपट ठरवणे. नातवाचे नाव बिनचूक सांगणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडताना रिक्षा आधी जाईल की आपण, हे ठरवता येत नाही. पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा परिणाम, आणि तो पायांच्या खात्यावर लिहिला जातो.

२. उभे राहणे हीसुद्धा विचारक्रियाच

निरोगी माणसाला उभे राहण्यासाठी विचार करावा लागत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात मेंदू त्या वेळी तीन ठिकाणांहून आलेली माहिती पडताळत असतो : डोळ्यांकडून, आतल्या कानातल्या तोलेंद्रियाकडून आणि तळपायांतून व सांध्यांतून. ही माहिती नेहमी जुळतेच असे नाही. शेजारची एसटी हलली की आपलीच गाडी सुटली असे डोळे सांगतात. कान आणि पाय सांगतात, नाही. कोणाचे ऐकायचे, हे मेंदू ठरवतो. अंधारात डोळ्यांवरचा भरवसा कमी करायचा, वाळूत तळपायांवरचा. झटक्याने एका बाजूची संवेदना बोथट झाली की ही पडताळणी बिघडते आणि पूर्वी आपोआप होणारे काम मुद्दाम लक्ष देऊन करावे लागते.

लक्ष मात्र मर्यादित असते. स्वीडनमधल्या उमेओ येथील संशोधकांनी १९९७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अगदी साधे निरीक्षण नोंदवले. त्यांनी वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांशी चालता चालता बोलणे सुरू केले. १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ज्याला चालण्यासाठीच सगळे लक्ष खर्च करावे लागते, त्याच्याजवळ बोलण्यासाठी काही शिल्लक राहत नाही, आणि बोलण्यासाठी ते वळवले तर पाय उघडे पडतात. हे सगळे झटक्याचे रुग्ण नव्हते. पण झटक्यानंतर हीच ओढाताण कितीतरी तीव्र होते, हे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मेंदूविकाराची काही रूपे तर हा संबंध उघडच दाखवतात. उजव्या अर्ध्या मेंदूला इजा झाली की काही रुग्णांचे डाव्या बाजूकडचे लक्षच हरपते. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, डावीकडच्या दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो. डोळे शाबूत असतात, ताकदही काही वेळा बऱ्यापैकी असते. नसते ते लक्ष. असा माणूस पडला तर त्याची पिंडरी मजबूत करून काय होणार? अनुमस्तिष्काला, म्हणजे लहान मेंदूला, पूर्वी केवळ तोलाचे आणि हालचालींच्या अचूकतेचे केंद्र मानत. जेरेमी श्माहमान आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ साली दाखवून दिले की तिथे इजा झालेल्या रुग्णांमध्ये नियोजन, भाषा आणि भावनांचे नियंत्रण यांतही ठरावीक स्वरूपाचे बिघाड आढळतात. ज्या भागाला आपण निव्वळ तोलाचा म्हणत होतो, तोही विचारात सामील निघाला.

आपल्या मोजमापांवर याचा थेट परिणाम व्हायला हवा. तोलासाठी जगभर वापरली जाणारी बर्ग मापनपट्टी कॅनडात १९८९ साली तयार झाली. तिच्यात १४ कृती आणि ५६ गुण असतात. ती उपयुक्त आहे, पण तिची परीक्षा शांत खोलीत, एका वेळी एकच कृती सांगून होते. दादरच्या पुलावर माणूस एका वेळी एकच कृती करत नाही. तिथे तो पायऱ्या मोजतो, धक्के चुकवतो, पिशवी सांभाळतो आणि गाडीची घोषणा ऐकतो. म्हणून ५६ पैकी ५० गुण मिळवणारा माणूस पुलावर तोल घालवू शकतो, आणि तरीही कागदोपत्री त्याचा तोल 'चांगला' असतो.

३. व्यायाम मेंदूवर तीन वाटांनी काम करतो

पहिली वाट सरावाची. रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या, हाताचे नियंत्रण करणाऱ्या भागाला त्यांनी छोटी इजा केली. नुसते सोडून दिलेल्या माकडांमध्ये इजेच्या आसपासचा निरोगी भागही हाताचे काम सोडत गेला. ज्यांच्याकडून छोट्या खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्यात तो भाग टिकला, काहींच्यात शेजारच्या प्रदेशात पसरलादेखील. यातला इशारा स्पष्ट आहे : जे वापरले जात नाही ते मेंदू राखून ठेवत नाही. झटक्याने झालेले नुकसान एकदाच होते, न वापरल्याचे नुकसान रोज होत राहते.

दुसरी वाट रक्ताभिसरणाची. दम लागेल असा व्यायाम हृदयाइतकाच मेंदूलाही लागू पडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२० निरोगी वृद्धांपैकी निम्म्यांनी वर्षभर भरभर चालण्याचा व्यायाम केला. स्मरणाशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूतला भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो घटला. झटक्याच्या रुग्णांत १४ चाचण्या आणि ७३६ रुग्ण एकत्र धरून २०१७ साली केलेल्या विश्लेषणात व्यायामाचा विचारक्षमतेवर लहान ते मध्यम असा अनुकूल परिणाम दिसला. लक्ष आणि विचारांचा वेग यांत तो अधिक स्पष्ट होता, आणि दम वाढवणारा व्यायाम ताकदीच्या व्यायामाला जोडला तेव्हा अधिक होता.

तिसरी वाट माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. जो व्यायाम करताना लक्ष द्यावेच लागते, तो लक्षाचाही व्यायाम असतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटका येऊन बराच काळ लोटलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट सावकाश ताण देण्याचे आणि भार या पायावरून त्या पायावर नेण्याचे व्यायाम करी. दुसरा अडथळे ओलांडणे, चटकन दिशा बदलणे, मऊ पृष्ठभागावर उभे राहणे असे चपळाईचे. दोन्ही गटांचा तोल सुधारला; पण अचानक धक्का बसल्यावर सावरण्याचा वेग चपळाईच्या गटात अधिक वाढला. त्याच शहरात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटक्याला किमान एक वर्ष उलटून गेलेल्या १२० जणांपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा, सहा महिने चढत्या क्रमाचा व्यायाम केला, त्यांची विचारक्षमता हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली.

४. अडचण मात्रेची आहे

आपल्याकडे झटक्यानंतरचा 'व्यायाम' म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याने रुग्णाचे हातपाय हलवणे आणि तेल चोळणे. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवून देण्याला जागा आहे, आणि मालिशने बरे वाटत असेल तर ती जरूर करावी. पण रुग्ण छताकडे पाहत पडलेला असताना त्याचा मेंदू काहीही शिकत नाही. शिकण्यासाठी प्रयत्न लागतो, चूक व्हावी लागते आणि ती चूक सुधारण्याची संधी लागते.

प्रत्यक्ष प्रयत्न किती होतो? अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांवर ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण करून २००९ साली प्रसिद्ध झालेले आकडे डोळे उघडणारे आहेत. हाताच्या उपयुक्त हालचालीचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत सरासरी ३२ वेळा झाला. चालण्याच्या सत्रात सरासरी ३५७ पावले पडली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसण्यासाठी दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतात. ही सुसज्ज केंद्रांची कथा. घरी येऊन अर्धा तास देणाऱ्या फिजिओकडून त्याहून जास्त कसे होणार? ब्रिटनच्या २०२३ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हालचालींचे पुनर्वसन हवे असलेल्यांसाठी दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस इतके प्रमाण सुचवले आहे. आपल्याला तीन तास जमत नसतील, पण अर्धा तास पुरेसा आहे असे तरी मानू नये.

मात्रेइतकाच अवघडपणाचा चढता क्रम महत्त्वाचा. तोल आणि विचार एकत्र शिकवायचे तर त्याचे टप्पे साधारण असे असतात :

एक, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे. आधी उंच खुर्ची, मग नेहमीची, मग मऊ गादीची.

दोन, उभ्याने भार एका पायावरून दुसऱ्यावर नेत हात लांबवून वस्तू उचलणे. कोणती उचलायची ते ऐन वेळी सांगायचे, म्हणजे निवड करावी लागते.

तीन, 'डावे', 'उजवे', 'मागे' अशा हाकेसरशी त्या दिशेला पाऊल टाकणे. जमू लागले की हाकेच्या उलट दिशेला. मनात आलेली पहिली कृती रोखण्याचा हा सराव आहे.

चार, चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करणे, 'क'पासून सुरू होणारी नावे सांगणे, भरलेला पेला नेणे.

पाच, खरा रस्ता : उंबरा, उतार, बाजार, सुटे पैसे.

यात एक खुबी आहे. वृद्धांवरच्या एका छोट्या चाचणीत, २००९ साली, असे दिसले की 'या फेरीत पावलांकडे लक्ष द्या, पुढच्या फेरीत आकड्यांकडे' अशी आलटून पालटून सूचना दिली तर फायदा अधिक टिकतो. कारण खऱ्या आयुष्यात लागणारे कौशल्य नेमके हेच आहे : आत्ता काय महत्त्वाचे, ते ओळखून लक्ष तिकडे वळवणे. ओल्या फरशीवर गप्पा थांबवता येणे ही शहाणपणाची खूण आहे, आणि ती शिकवता येते.

५. सहा महिन्यांची मुदत कोणी घातली?

"सहा महिन्यांत जे यायचे ते येते, पुढे काही नाही," हे वाक्य अनेक कुटुंबांनी ऐकलेले असते. त्यामागे खरा आधार आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांनी रोजच्या व्यवहारातली आपली सर्वोत्तम पातळी १३ आठवड्यांत गाठलेली आढळली. पहिल्या तीन महिन्यांत निसर्गाची साथ सर्वाधिक असते, हे निर्विवाद आहे.

पण त्या अभ्यासाने मोजले ते त्या काळच्या नेहमीच्या उपचारांखाली काय घडते, एवढेच. उशिरा, पण जोरकस सराव केला तर काय घडू शकते, हा प्रश्नच वेगळा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी काहींचा चांगला हात दोन आठवडे हातमोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेतले. त्याचा फायदा वर्षभर टिकला. २०११ सालच्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाचे चालण्याचे प्रशिक्षण मुद्दाम सहा महिन्यांनंतर सुरू केले. वर्षाअखेरीस तो गट, दोन महिन्यांनी सुरू केलेल्या गटाच्या बरोबरीला आला होता. लंडनच्या क्वीन स्क्वेअर केंद्रातल्या २२४ रुग्णांना तीन आठवड्यांत ९० तासांचे हाताचे प्रशिक्षण मिळाले, तेव्हा त्यांपैकी निम्म्यांच्या झटक्याला दीड वर्षाहून अधिक काळ लोटलेला होता; तरी ते सुधारले, आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती.

म्हणून 'आता सुधारणा थांबली' हे निदान देण्याआधी सराव थांबला होता का, हे विचारायला हवे. उपचार बंद केल्यावर प्रगती थांबली, तर त्यातून मेंदूची मर्यादा सिद्ध होत नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : विचारक्षमतेबाबतचा पुरावा कच्चा आहे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. २०२० सालच्या कॉक्रेन समीक्षेने ७५ चाचण्या आणि ३,०१७ रुग्ण तपासले. व्यायामाने चालण्याचा वेग आणि तोल सुधारतो असा निष्कर्ष निघाला; विचारक्षमतेबद्दल ठाम बोलण्याइतकी सामग्री नाही, असेही तिने म्हटले. २०२२ सालच्या व्हँकुव्हरच्या चाचणीतही परिणाम लहान होता आणि व्यायामाचे वर्ग संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत दोन गटांतला फरक टिकला नाही. पण यातून काय सिद्ध होते? जो परिणाम व्यायाम सुरू असेतो राहतो, तो मिळवायचा तर व्यायाम सुरू ठेवावा लागतो. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला, म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही. शिवाय माझा दावा स्मरणशक्तीची परीक्षा जिंकण्याचा नाही. तोल सुधारतो हे सिद्ध आहे, तोलाला लक्ष लागते हेही सिद्ध आहे. मग तोच सराव लक्षासकट करायला अडचण कोणती?

दुसरा आक्षेप : अवघड व्यायाम करताना माणूस पडेल. धोका खरा आहे. पण वर उल्लेखलेल्या, २०११ सालच्या ४०८ रुग्णांच्या चाचणीतले निम्म्याहून अधिक सहभागी वर्षभरात किमान एकदा पडले, आणि घरी साधे व्यायाम करणाऱ्यांचा गटही त्यात होता. पडणे या दुखण्यातच आहे. बसून राहिल्याने ते टळत नाही, पुढे ढकलले जाते. दरम्यान पाय आणखी दुबळे होतात आणि भीती वाढते. योग्य मार्ग म्हणजे तोल जाईल इतके अवघड, पण पडणार नाही इतके सुरक्षित वातावरण : कमरेला पट्टा, दुबळ्या बाजूला उभा असलेला माणूस, पाठीशी भिंत किंवा कोपरा, समोर भक्कम टेबल. त्याआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी, आणि सुरुवात प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीखाली.

तिसरा आक्षेप : जास्त म्हणजे चांगले, हेही भाबडेच नाही का? निश्चितच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीने हेच दाखवले. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार आणि बराच वेळ हालचाल करून घेतलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा किंचित वाईट होती. पुढच्या विश्लेषणात थोड्या थोड्या वेळाची, पण अधिक वेळा केलेली हालचाल बरी ठरली. तेव्हा पहिले दिवस सबुरीचे आणि नंतरचे महिने जोमाचे हवेत. आपल्याकडे नेमके उलटे होते : पहिल्या आठवड्यात सगळ्यांची धांदल, तिसऱ्या महिन्यानंतर सामसूम.

चौथा आक्षेप : डोक्यासाठी कोडी आणि मोबाइलवरचे खेळ आहेत की! बीबीसीच्या मदतीने ११,४३० जणांवर केलेला प्रयोग २०१० साली 'नेचर'मध्ये छापून आला. सहा आठवडे असे खेळ खेळून लोक त्या खेळांत तरबेज झाले. न शिकवलेल्या कामांत मात्र फारसे सुधारले नाहीत, अगदी जवळच्या कामांतही. प्रयोग निरोगी लोकांवरचा होता, पण धडा सर्वांना लागू आहे : ज्या कामासाठी क्षमता हवी, त्या कामाच्या जवळ जाऊन सराव करावा. शब्दकोडे सोडवून मन रमते. रस्ता ओलांडायला रस्त्यावरच शिकावे लागते.

पाचवा आक्षेप : हे सगळे श्रीमंतांचे. आपल्याकडे घरच्यांनीच करावे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेमका हाच प्रश्न विचारत होती. एका गटात नातेवाइकाला रुग्णालयात आणि घरी काही भेटींत शिकवून पुनर्वसन त्याच्यावर सोपवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के होते. हा निकाल घरच्यांच्या प्रेमाविरुद्धचा नाही. सून किंवा पत्नी थोडक्यात शिकून घेईल आणि व्यवस्थेने हात झटकावेत, या सोयीस्कर कल्पनेविरुद्धचा आहे. दुसरीकडे २०११ सालच्या त्याच ४०८ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत यंत्रावर टांगून चालवण्याचे महागडे प्रशिक्षण आणि फिजिओने घरी येऊन करवून घेतलेले साधे व्यायाम सारखेच उपयोगी ठरले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर कळते की महाग यंत्राविना चालते, जाणत्या माणसाविना चालत नाही.

७. मागणी कशाची करायची?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पाया इथे फार पूर्वी घातला गेला. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. अंघोळ, स्वयंपाक, बाजार अशा रोजच्या कामांतूनच माणूस पुन्हा उभा करायचा, हा त्या शास्त्राचा गाभा. तोल आणि विचार एकत्र शिकवण्याची दृष्टी त्यात मुळातच आहे. पण आज झटक्याच्या रुग्णाला व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे जायला कोण सांगतो? दुसऱ्या टोकाला गडचिरोली आहे. तिथल्या ८६ गावांचा अभ्यास करून 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की ग्रामीण भागात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघातच होते. दर सात मृत्यूंमागे एक. ज्या गावांत झटक्याने इतकी माणसे दगावतात, तिथे वाचलेल्यांचे पुनर्वसन शहरातल्या दवाखान्यांवर सोपवून चालणार नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. रुग्णालयातून सुटी देताना हातापायांच्या ताकदीबरोबर तोलाचे आणि विचारक्षमतेचे गुण कागदावर यावेत. विचारक्षमतेच्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीला सुमारे दहा मिनिटे लागतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच मोजणी पुन्हा व्हावी. चालण्याची परीक्षा घेताना बोलते करूनही ती घ्यावी. त्याला खर्च शून्य आहे. आरोग्यविम्याची आणि सरकारी योजनांची भरपाई रुग्णालयातल्या खाटेशी बांधलेली न राहता बाहेरून घेतलेल्या उपचारसत्रांनाही मिळावी. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोनदा गटाने व्यायाम घेणारा एक फिजिओ असावा आणि मधल्या दिवशी गावातल्या आरोग्यसेविकेने तोच सराव करून घ्यावा. गटात व्यायाम केल्याने खर्च वाटला जातो, आणि झटक्यानंतर जवळपास तिघांत एकाला येणाऱ्या नैराश्यावरही सोबतीचा उपयोग होऊ शकतो.

यातली एकही गोष्ट नव्या औषधाची किंवा यंत्राची वाट पाहत थांबलेली नाही. गुठळी विरघळवण्यासाठी आपण मिनिटे मोजायला शिकलो, तो खर्च समाजाने मान्य केला. त्या खर्चाने वाचलेला माणूस पुढची दहा-वीस वर्षे स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या निर्णयाने जगणार की घरातल्या एका खुर्चीत बसून राहणार, हे त्यानंतरच्या सरावावर ठरते. तो सराव फक्त पायांचा ठेवला तर आपण निम्माच माणूस वाचवला, असे म्हणावे लागेल.